अर्ध्या फुलपात्राचा पाहुणचार

चिकलठाणा, औरंगाबाद
९ नोव्हेंबर १९७२

ती. काकूस मधूचा नमस्कार. साष्टांग घातला असं समज. अंतर्देशीय पत्रात आडवं व्हायला जागा नाही.

वर्षभर पत्र नाही आणि आज एकदम मधूला काकू आठवली, म्हणजे नक्की काहीतरी काम असणार, असं तुझ्या मनात आलं असेल. काम आहेच.

परवापर्यंत ज्वारी उभी होती त्या जागेवर आमचं हॉटेल उभं राहिलंय, हे तुला ठाऊक आहे. जालना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता कारखानेच कारखाने. आमचे मालक काकासाहेब हौशी. अजिंठा-वेरूळ बघायला येणाऱ्या साहेबलोकांसाठी त्यांनी प्रत्येक खोलीत आंघोळीचा टब बसवला, माणूस पाय पसरून झोपेल एवढा. आणि पाऊस गेला तोंड फिरवून. विहिरीचा तळ दिसायला लागलाय, नळाला करंगळीएवढी धार येते. काकासाहेब मला बोलावून म्हणाले, "मधुसूदन, पाणी निम्मं करा, पण पाहुण्याला कळता कामा नये." पाहुण्यांची सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात आहे, तेव्हा हेही माझ्याच गळ्यात.

मग तू आठवलीस. काका कचेरीत पेशकार होते तेव्हा दौलताबादच्या घरी माणसांची रीघ असायची. आई गेल्यावर मी तुझ्या पदराखाली वाढलो ते त्या रिघेतच. आड आटायचा, पण तू कुणाला तहानेलं पाठवल्याचं मला आठवत नाही. ते कसं जमवायचीस? नीट लिही.

मी बरा आहे. नोकरांच्या चाळीचं पाणी तोडल्यामुळे हॉटेलातच दोघांत एक खोली दिलीय. माझ्या खोलीत साहेबराव असतो, स्वयंपाकघर त्याच्याकडे आहे. माणूस चांगला आहे, फक्त घोरतो.

तुझा
मधू


दौलताबाद
१७ नोव्हेंबर १९७२

चि. मधूस आशीर्वाद.

कामासाठी पत्र लिहिलंस हे स्वतःच कबूल केलंस, म्हणून रागावायची सोय राहिली नाही.

ऐक. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचंच नाही. आधी गुळाचा खडा द्यायचा, बसा म्हणायचं, वाटेत त्रास झाला का म्हणून विचारायचं. मग फुलपात्र पुढं करायचं, तेही अर्धं भरलेलं. ते संपलं की आणखी देऊ का म्हणून विचारायचं. दहातले आठ नको म्हणतात. भरलेला पेला समोर ठेवून निघून गेलं की माणूस निम्मा पितो अन् निम्मा टाकून देतो, कारण त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं. पाणी कमी पडलं तरी चालतं, विचारणं कमी पडू नये.

आंघोळीला घंगाळ, तांब्या आणि बसायला पाट. सांडपाणी केळीला. तुझ्या त्या टबांना बुचं मारून पाणी साठवून ठेव, तेवढाच त्यांचा उपयोग. माझी दोन तांब्याची घंगाळं माळ्यावर पडून आहेत. एकटीला काय करायचीत. ती घ्यायला ये. येशील तेव्हा धपाटी करीन.

हा साहेबराव कुणाचा? आडनाव काय? आणि एका खोलीत राहता तर तुझं जेवणाखाणाचं कसं काय?

इथं मारुतीच्या आडाला चिखल लागलाय. मला पाणी मिळतं. कुठून ते विचारू नकोस. एकट्या बाईला लागतं तरी किती.

तुझी
काकू


चिकलठाणा
२० डिसेंबर १९७२

ती. काकूस नमस्कार.

काकू, तुझा गूळ चालला. पहिल्या दिवशी मी स्वतः तबक घेऊन दारात उभा राहिलो. एका जर्मन बाईने खडा उचलला, वास घेतला, खाल्ला आणि डोळे मोठे केले. अर्धं फुलपात्र पाणी प्यायल्यावर तिनं हात जोडले. आता प्रत्येक गाडीला गूळ-पाणी असतं. घंगाळाचे तर फोटो निघतात. बाजारातून आणखी आणवली. टबांत पाणी साठवतो, साहेबराव म्हणतो, "मधूभाऊ, आपल्या हाटेलात खोली तितके आड झाले बगा." काकासाहेब खूश. पाणी निम्म्याखाली आलं आणि पाहुण्यांना वाटतं, ही इथली रीतच आहे. आहेच की.

घंगाळं न्यायला मी येणार होतो, पण गाड्यांचा हंगाम सुरू आहे, म्हणून ड्रायव्हरला पाठवलं. रागावू नकोस.

साहेबराव इथलाच, चिकलठाण्याचा. आडनाव विचारायचं राहूनच गेलं. माझं जेवणाचं मी बघतो, तू काळजी करू नकोस.

आता नवं संकट. ताटं-वाट्या धुण्यातच टँकर रिकामा होतो. तू शंभर पानं कशी उठवायचीस?

तुझा
मधू


दौलताबाद
५ जानेवारी १९७३

चि. मधूस आशीर्वाद.

ड्रायव्हर येऊन गेला. तुझ्यासाठी केलेली धपाटी त्यानं खाल्ली. चांगला मुलगा आहे, दोनदा मागून घेतली. जाताना येतो म्हणाला. कशाला येईल बिचारा.

दोन महिने झाले एका खोलीत झोपता अन् आडनाव माहीत नाही. बरं. मी परत विचारणार नाही.

ताटं बंद कर. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घे. जेवण झालं की जनावरापुढं टाकायच्या, धुणं नाही. स्वयंपाकाची भांडी राखेनं कोरडी घासून घ्या, मग शेवटी एक पाणी. आणि हॉटेलात तुम्ही ताट शिगोशीग भरून आणता ना, ते आधी थांबव. ताट एकदम भरून ठेवणं म्हणजे खा बाबा अन् जा. थोडं थोडं वाढायचं आणि परत परत पंगतीतून फिरायचं. माणूस हवं तेवढंच खातो, टाकत नाही. वाढणाऱ्याचे पाय दुखतात, तो भाग वेगळा.

पत्रावळी इथून पाठवते. मालनबाई म्हणून ओळखीची एक आहे, ती फार सुबक लावते. ड्रायव्हरलाच पाठव. तू यायचा नाहीसच.

तुझी
काकू


चिकलठाणा
१८ फेब्रुवारी १९७३

ती. काकूस नमस्कार.

पत्रावळी पोचल्या. एक पान दुसऱ्यात असं बसलंय की आमटीचा थेंब खाली उतरत नाही. मालनबाई कोण गं? आपल्या गल्लीत या नावाचं कुणी आठवत नाही.

जेवणघराला रस्त्याच्या बाजूनं मोठ्या काचा आहेत. पलीकडे दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली दिसतात. पाहुणे पत्रावळीवर जेवता जेवता विचारतात, ती माणसं काय करतायत? मी म्हणतो, रस्ता. मग पुन्हा पोळी वाढायला वळतो. काकासाहेबांनी आता काचांना वाळ्याचे पडदे लावलेत. गारव्यासाठी, असं म्हणतात.

आज पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. या सगळ्या रीती कुणाच्या, असं काकासाहेबांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, मग त्यांनाच आणा. दारात बसतील, गूळ-पाणी देतील, बोलतील. पाहुण्यांना फार आवडेल. स्वतंत्र खोली देऊ. मला आधी ते पटलं नाही. तू काय दारात मांडायची वस्तू आहेस? पण मग विचार केला, तू इथं असशील. काकू, मी दिवसभर लोकांना या या म्हणतो. रात्र झाली की हॉटेलभर माणसं असतात आणि मला या म्हणणारं एकही नसतं. चाळिशी आली. तुलाही तिथं कोण आहे?

ये तू. तुझं सोवळं सांभाळू. चूल वेगळी, पाणी वेगळं. तुला कुणाच्याही हातचं खावं लागणार नाही, याची जबाबदारी माझी.

तुझा
मधू


दौलताबाद
१ मार्च १९७३

चि. मधूस आशीर्वाद.

मला येता येणार नाही. मला इथं काम आहे.

माझ्या सोवळ्याची काळजी तू करू नकोस. गूळ द्यायला कुणीही बसव, फक्त तोंडानं गोड असावी. पत्रावळी पाठवत जाईन.

प्रकृतीला जप.

तुझी
काकू


चिकलठाणा
२२ एप्रिल १९७३

ती. काकूस नमस्कार.

काल मी आलो होतो. ड्रायव्हर नाही, मी स्वतः. वेरूळच्या गाडीबरोबर आलो. पाहुणे किल्ला चढायला लागले आणि मी घराकडे आलो. दाराला कुलूप होतं.

ऐन दुपारी, एवढ्या उन्हात तू कुठं गेली होतीस? मी दारासमोर उभा राहिलो, ओसरीवर बसलो, परत उठलो. पुंजारामच्या दुकानात पाहुण्यांसाठी सोड्याच्या बाटल्या घेतल्या, पण ओळख दिली नाही. त्यानं ओळखलं असतं तर मधू कुठं असतो, काय खातो, कुणाच्या हातचं खातो, सगळं निघालं असतं आणि माझ्या मागोमाग तुझ्यापर्यंत पोचलं असतं. म्हणून तुझ्याबद्दलही त्याला विचारलं नाही. गाडी सुटायची वेळ झाली तसा परत गेलो.

तुझं मार्चचं पत्र मी कितीदा वाचलं. तू एका ओळीत नको म्हणालीस. मी समजलो. तुला कुणीतरी इथलं काहीबाही सांगितलं असणार, म्हणून तू येत नाहीस. काल मी तेच तुझ्यासमोर बसून बोलायला आलो होतो. कुलूप होतं ते एका परीनं बरंच झालं.

तुझा
मधू


दौलताबाद
२८ एप्रिल १९७३

चि. मधूस आशीर्वाद.

मला कुणी काही सांगितलेलं नाही. लपवत मीच होते. आता सांगते. हे वाचून तुला माझ्या घरचं पाणी नकोसं झालं तर तसं स्पष्ट लिही, मनात ठेवू नकोस.

दिवाळीच्या सुमाराला मारुतीचा आड आटला. पाणी राहिलं ते फक्त पलीकडच्या वस्तीत, बौद्धवाड्यात. आपल्या आडावर त्यांना कधी येऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी नाल्याकाठी स्वतःची विहीर खणली होती. तिला पाणी टिकलं. गल्लीतल्या बायका तिकडं जायला लागल्या. लांब उभं राहायचं, त्यांच्या पोरींनी भरलेली घागर मध्ये ठेवायची, आपण उचलायची आणि घरी आणून तुळशीचं पान टाकायचं. पहिल्या दिवशी मीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मालनबाई पुढं झाली. माझ्याच वयाची असेल. म्हणाली, "पाणी लई हाय, लागंल तेवढं न्या. पर आधी माझ्या वट्यावर बसायचं अन् माझ्या पेल्यातून प्यायचं. घरी नेऊन पान टाकायचं असंल तर घागर रिकामी न्या." बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. मग गल्लीतल्या गुरुजींनी सांगितलं, आपद्धर्म आहे, दुष्काळात दोष नाही. तेव्हापासून सगळ्या ओट्यावर टेकतात, डोळे मिटून एक घोट घेतात अन् घागर उचलून चालू लागतात.

मी बसून राहिले. कारण सांगू? मला कुणी बस म्हटल्याला फार दिवस झाले होते. या घरात मीच सगळ्यांना बसा म्हणत आले. तुझे काका गेले, तू गेलास, मग म्हणायलाही कुणी उरलं नाही. मालनबाईनं नाराजीनंच बस म्हटलं होतं, पण म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी गेले, चौथ्या दिवशी गेले. पाणी भरून झालं तरी उठावंसं वाटेना. ती म्हणाली, "बसताच हाय तर हाताला काम घ्या." म्हणून पत्रावळी लावायला शिकले. तिची सून खडीच्या कामावर जाते, आम्ही दोघी पानं लावतो. दुपारची भाकरी तिच्याच तव्यावरची. तुझे साहेबलोक जेवतात ती पानं आम्हा दोघींच्या हातची आहेत. तू आलास तेव्हा मी तिच्या ओट्यावर होते. पुंजारामला एक शब्द विचारला असतास तर त्यानं नाक मुरडून का होईना, बोट दाखवलं असतं.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मी तिला वाचून दाखवत होते. 'तुझं सोवळं सांभाळू' इथं आले अन् थांबले. ती म्हणाली, "वाचा की. थांबल्या कशापायी?" वाचलं. 'कुणाच्याही हातचं खावं लागणार नाही,' तेही वाचलं. ती हसली. मला हसू आलं नाही. एवढं करून माझा पोरगा मला ओळखत नाही, असं वाटलं. पण तू तरी काय करशील, मीच तुला तसं वाढवलं.

मी तिथं आले तर ती दुपारी एकटी पानं लावील आणि मी तुझ्या दारात, परत कधी न दिसणाऱ्या माणसांना गूळ देत बसेन. ते मला नको.

तुझी
काकू


चिकलठाणा
६ मे १९७३

काकू,

मायना राहिला, क्षमा कर.

साहेबरावचं आडनाव साळवे. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. तो इथल्या बौद्धवाड्यातला, कॉलेज शिकलेला, मुंबईच्या हॉटेलात काम केलेला माणूस. मी दोन्ही वेळा त्याच्या हातचं जेवतो, एका ताटातसुद्धा जेवलोय. गेल्या श्रावणात मी तापानं फणफणलो तेव्हा त्यानं माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आणि हे तुला कळलं तर तू मला उंबऱ्याबाहेर ठेवशील, या भीतीनं मी उंबऱ्यापर्यंत येणंच सोडलं. चार आण्यांचं तिकीट काढून भेटता आलं असतं अशा दोन माणसांनी एकमेकांचं सोवळं सांभाळत वर्ष घालवलं.

तुझं पत्र साहेबरावला वाचून दाखवलं. वाटलं, तो हसेल. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे काकूला मी साळवे म्हणूनबी चाललो असतो, अन् तुम्ही माझं आडनावच गिळलं. व्हय ना, मधूभाऊ?" मी म्हणालो, तुझ्यासाठी नाही, काकूसाठी. तो म्हणाला, "गिळलेलं माझंच हाय." मग तो दिवस आणि त्याचा दुसरा दिवस माझ्याशी बोलला नाही. काल भाजी वाढताना म्हणाला, मीठ बघा. म्हणजे बहुतेक निवळलाय.

मी येतो, काकू. हा हंगाम संपला की येतो. मालनबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा
मधू


चिकलठाणा
१२ ऑगस्ट १९७३

ती. काकूस नमस्कार.

येतो म्हणून येणं झालं नाही. तू तीन पत्रं टाकलीस, मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

पाऊस चांगला झाला. विहीर भरली, नळ सुरू झाला. काकासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी टबांची बुचं काढायला लावली. पाहुणे पुन्हा टबात पडतात, पुन्हा चिनी मातीच्या बशा आल्या. भरलेल्या ताटाला लोक तक्रार करत नाहीत आणि वाढपी कमी लागतात, असं काकासाहेबांचं म्हणणं. मी एकदा म्हणालो, साहेब, ही रीत पाण्यासाठी असली तरी पाहुण्यांना तिनं बरं वाटत होतं. ते म्हणाले, "मधुसूदन, अडचण होती म्हणून केलं. आता कशाला?" तुझी घंगाळं दर्शनी भागात ठेवलीत, त्यात शोभेची झाडं लावलीत. गूळ राहिलाय. चांदीच्या तबकात असतो, तो देणारी मुलगी नऊवारी नेसते आणि कुणाला काही विचारत नाही. पत्रावळी आता नकोत असं कळवायला सांगितलंय. मालनबाईंना कसं सांगशील ते बघ.

नोकरांच्या चाळीला पाणी आलं. मला बढती मिळाली, वरच्या मजल्यावर खोली मिळाली. साहेबराव चाळीत गेला. जेवायला मला काकासाहेबांच्या टेबलाशी बसावं लागतं. तिथं स्वयंपाकघरातले लोक बसत नाहीत. मी जाऊन बसलो. जाताना त्यानं आपली वळकटी स्वतःच उचलली. मी म्हणालो, येत जा. तो म्हणाला, "वर? कोणच्या कामानं?"

खोली मोठी आहे. खिडकीतून कारखान्यांचे दिवे दिसतात. पहिले काही दिवस मला झोपच लागेना. घोरणं ऐकू येत नाही, म्हणून.

तुझा
मधू


दौलताबाद
१९ ऑगस्ट १९७३

चि. मधूस आशीर्वाद.

तुझं पत्र मालनबाईला वाचून दाखवलं. पत्रावळींचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "आपून काय हाटेलासाठी बसत व्हतो व्हय?" आणि पानांना काडी टोचत राहिली.

इथंही पाणी आलं. मारुतीचा आड गळ्यापर्यंत भरला. गल्लीतल्या बायकांनी पलीकडं जाणं एका दिवसात बंद केलं. आता वाटेत मालनबाई भेटली तर पदर सावरून बाजूला होतात. तिच्या पेल्यातून प्यायलेल्या त्याच ह्या बायका. मी मात्र जात राहिले. मग गुरुजी आले. म्हणाले, "उमाबाई, आपद्धर्म संपला. आता लोकांत बरं दिसत नाही." मी म्हणाले, गुरुजी, मी पाण्यासाठी जात नाही. त्यांना ते समजलं नाही, किंवा नीट समजलं. त्यानंतर माझ्या ओसरीला गल्लीतलं कुणी टेकत नाही. भजनाला बोलावणं येत नाही. शेजारणीनं पूर्वी तांदूळ उसने नेले होते, ते परवा उंबऱ्याबाहेर ठेवून गेली. वाईट वाटलं मधू, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ज्यांना वाढलं त्या बायका. दुपार बरी जाते. संध्याकाळी दिवा लावला की घर अंगावर येतं.

मी मालनबाईला म्हटलं, इतके महिने मी तुझ्याकडं जेवते, एकदा तू माझ्याकडं जेवायला ये. ती लगेच हो म्हणाली नाही. तिला या घराचं मागचं दारच माहीत आहे. पूर्वी लाकडं टाकायला यायची तेव्हा अंगणाच्या आत पाऊल नव्हतं. दोन दिवसांनी म्हणाली, "येईन. पर म्होरल्या दारानं, दिवसाढवळ्या, अन् पान तुमच्या पानाशेजारी." मी म्हटलं, रविवारी ये. गल्ली बघणारच आहे. बघू दे.

आता तुला सांगते ते नीट ऐक. तुझ्या पत्रांत दरवेळी मालक असतो, गाडी असते, हंगाम असतो. येत्या सव्वीसच्या रविवारी यातलं काही सांगू नकोस. ये, आणि साहेबरावाला बरोबर घेऊन ये. वरच्या मजल्यावर तो कुठल्या कामानं येणार, हे त्यानं विचारलं ते बरोबरच आहे. तू खाली उतर, त्याच्या चाळीत जा, त्याच्या खाटेवर बस आणि सांग की काकूनं तुला आडनावासकट जेवायला बोलावलंय. तो रागावलेला असेल तर रागावू दे, पण विचार. सगळ्यांसमोर विचार, तुझ्या त्या टेबलाशी बसलेल्यांना ऐकू जाईल असं.

स्वयंपाक चौघांचा करते आहे. उरलं तर संपवायला आता गल्लीतलं कुणी येणार नाही.

काल पानं लावताना मालनबाईला म्हटलं, माझा मधूही येईल बहुतेक. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "बगू उमाबाई. का तुमचा पोरगाबी दुष्काळापुरताच हाय?" याचं उत्तर तू द्यायचंस.

तुझी
काकू